तरवड उपटून आणू नका, बी पेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या बाजूला घरालगत दोन गुंठे मोकळी जागा, माती तांबूस आणि वाळूसर, हात-दीड हातावर मुरूम, सावली कशाचीच नाही. जास्वंद-मोगरा उन्हाळ्यात करपून गेले, म्हणून माळावरचा पिवळ्या फुलांचा तरवड लावायचं ठरलं. रस्त्याकडेची चार झुडपं मुळासकट खणून आणली, खड्ड्यात शेणखत भरलं, रोज पाणी घातलं, तरी पंधरा दिवसांत चारही वाळली. मग शेंगांतलं बी पेरलं, तेही उगवलं नाही. तरवडसुद्धा येत नाही अशी ही जमीन नापीक आहे का?

जमिनीत काही खोट नाही. तरवडाला हवी तशीच ती आहे. चुकलं ते तिच्यावर केलेल्या उपचारात. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या पट्ट्यात खाली वालुकाश्म आणि त्याहून टणक क्वार्टझाइट आहे. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून कोसळते तो कडाही याच दगडाचा. या दगडाची झीज होऊन झालेली माती भरड, उथळ आणि भुकेली असते. तिच्यात पाणी झटकन मुरतं आणि वरचा थर दोन दिवसांत सुकतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊसही वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. अशा ठिकाणी जे झाड आधी मूळ खाली धाडतं आणि मग वर वाढतं, तेच टिकतं. तरवड नेमका तसा आहे. वर बोटभर रोप दिसतं तेव्हा खाली सोटमूळ वीतभर गेलेलं असतं. हे एक ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं त्यातूनच उलगडतं.

खणून आणलेली झुडपं का गेली, तेही यातच आलं. कंबरेएवढ्या तरवडाचं सोटमूळ मुरमाच्या भेगांत शिरलेलं असतं. कितीही जपून खणा, हातात येतो तो वरचा तुकडा. पाणी ओढणारी बारीक मुळं खालच्या टोकांना असतात आणि ती तिथंच राहतात. वरची पानं मात्र पाणी उडवतच राहतात. त्यात रोजचं पाणी आणि कच्चं शेणखत म्हणजे तुटलेलं मूळ कुजायला आयतं निमित्त. मोठं झुडूप हलवण्याचा नाद सोडाच. माळावरचं चांगलं झाड जातं आणि अंगणातही जगत नाही.

बी गोळा करण्याआधी झाड नीट ओळखा, कारण पिवळ्या फुलांच्या याच्या भावंडांत बरीच गफलत होते. तरवडाला आपल्याकडे आवळही म्हणतात. कन्नडमध्ये तंगडी किंवा आवरिके. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कानांची. पानाचा देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं कानाच्या पाळीसारखी दोन रुंद हिरवी उपपानं असतात आणि ती गळून पडत नाहीत. हीच खात्रीची खूण. पानावर पर्णिकांच्या, म्हणजे दांडीवरच्या छोट्या पानांच्या, आठ ते बारा जोड्या, फूल चांगलं रुपयाच्या नाण्याहून मोठं आणि हळदी पिवळं, शेंग कागदासारखी चपटी, बोटभर लांब, आतल्या प्रत्येक बियागणिक थोडी फुगलेली. पावसाळ्यात रस्त्याकडेला माजतो तो टाकळा वेगळा: त्याच्या पानावर पर्णिकांच्या बहुतेक तीनच जोड्या आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. नर्सरीत ‘कॅसिया’ म्हणून मिळणारी झाडं बहुधा बाहेरून आलेल्या जातींची असतात. ती वाईट नव्हेत, पण ती या माळाची नाहीत. उपपानांचे कान पाहिल्याशिवाय रोप विकत घेऊ नका.

शेंगा साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत पिकतात. पूर्ण तपकिरी झालेल्या, हलवल्यावर आत बी वाजणाऱ्याच तोडा. हिरवट शेंग घरी आणून वाळवली तरी तिचं बी पोचट राहतं. एकाच झुडपावर हात मारू नका. आठ-दहा झुडपांच्या थोड्या थोड्या घ्या, बांध कुणाचा असेल तर विचारून घ्या, आणि निम्म्याहून जास्त शेंगा झाडावरच सोडा. दोन गुंठ्यांत वाटा-पायवाटा सोडून पाच-पाच फुटांवर साठेक झुडपं बसतात. दर जागी चार बिया धरल्या तर अडीचशे बिया लागतील. एका शेंगेत दहा ते वीस बिया असतात, पण त्यातल्या सगळ्या धड नसतात. म्हणून तीस-चाळीस शेंगा आणा.

धड नसतात, कारण शेंगेत भुंगेरे शिरलेले असतात. कडधान्याला लागतात त्याच जातकुळीतले हे बारीक किडे. फूल गळून शेंग कोवळी असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते, अळी बियाच्या आत वाढते आणि मग गोल भोक पाडून बाहेर पडते. शेंगा दोन दिवस उन्हात वाळवून सुपात चोळा, पाखडा, आणि बी पाण्यात टाका. तरंगणारं आणि भोक पडलेलं फेकून द्या, बुडणारं ठेवा. लगेच पेरायचं नसेल तर पुन्हा सुकवून चुलीच्या चाळलेल्या राखेत किंवा कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता न उगवलेल्या बियांचं. तरवडाच्या बियाचं कवच पाणी आत घेतच नाही. माळावर हे त्याच्या पथ्यावर पडतं. एका पावसाला सगळं बी उगवलं आणि पुढं महिनाभर पावसानं दडी मारली तर वंशच बुडेल, म्हणून काही बी यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढं अशी वाटणी झाड स्वतःच करून ठेवतं. तुमचं बी बहुधा मेलेलं नाही, मातीत नुसतं पडून आहे. एखाद्या पावसाळ्यात अचानक दोन-चार रोपं दिसली तर नवल वाटून घेऊ नका.

कवच फोडायला दोन रीती आहेत. थोडंच बी असेल तर वाळूचा कागद उत्तम. बियाला एक बारीक डोळा असतो, जिथून ते शेंगेला चिकटलेलं असतं. त्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला चार-पाच घासे मारा. तपकिरी थराखालचा फिकट रंग दिसला की थांबा. डोळ्याच्या बाजूला घासलं तर कोंब दुखावतो. बी जास्त असेल तर गरम पाणी. तांब्याभर पाणी उकळून चुलीवरून उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मूठभर बी त्यात टाका आणि तसंच रात्रभर निवू द्या. चुलीवर ठेवून बी उकळायचं नाही, ते शिजतं. सकाळी जे फुगून दुपटीएवढं दिसेल ते त्याच दिवशी पेरायचं. जे तसंच कडक राहिलं ते पुन्हा एकदा गरम पाण्यातून काढा किंवा कागदावर घासा. फुगलेलं बी वाळवून परत डब्यात ठेवता येत नाही, म्हणून जमिनीत ओल आहे याची खात्री झाल्यावरच भिजवा. ओल म्हणजे खुरप्यानं उकरल्यावर वीतभर खोलीपर्यंत माती मुठीत धरली जाते एवढी. मृगाच्या पहिल्या सरीनं वरचा दोन बोटं थर भिजला म्हणून धावत सुटू नका.

घराजवळ पाण्याची सोय आहे तिथं जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा ही पेरणीची वेळ धरा. मूळ खाली जायला हिवाळ्याआधी चार महिने मिळतात, आणि जुलैमध्ये पाऊस लांबला तर घागरभर पाणी घालता येतं. लांबच्या मड्डीवर, म्हणजे मुरमाड माळावर, जिथं पाणी न्यायची सोय नाही, तिथं ऑगस्टचा शेवट बरा. पूर्वेकडे पावसाचा खरा भर त्यानंतर असतो.

जागेवर पेरणं हे मला पिशवीतल्या रोपापेक्षा केव्हाही सरस वाटतं, कारण मूळ एकदाही अडत नाही. पेरायच्या जागी पहारीनं फूटभर खोल भोसकून मुरूम सैल करा, वरची माती तिथलीच परत लोटा. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढं. एका जागी चार बिया, एकमेकींपासून चार बोटांवर. त्यांतल्या तीन फुगवलेल्या आणि एक कोरडी, काहीही न केलेली टाका. फुगवलेल्या मेल्या तर कोरडी पुढच्या वर्षी कामी येते. माळाची ही युक्ती आपणही वापरायला हरकत नाही. काठी रोवून जागेची खूण करा, कारण रोपाच्या पहिल्या दोन-तीन पानांवर पर्णिका कमी असतात आणि खुरपणीत टाकळा समजून तरवडच उपटला जातो. उगवण आठवड्याभरात सुरू होते, कधी पंधरा दिवसही लागतात. रोपं बोटभर झाली की एक जोमाचं ठेवून बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटली तर ठेवलेल्या रोपाचं मूळही हलतं.

खड्डा काढून त्यात काळी माती आणि शेणखत भरायची आपल्याकडे सवय आहे. आंबा-चिकूला ती ठीक, इथं घातक. भरड मातीत मऊ, खतावलेल्या मातीचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी. पावसात पाणी त्यात तुंबतं, मूळ त्या खड्ड्यातच घुटमळतं, बाहेरच्या मुरमात शिरत नाही, आणि मार्चमध्ये खड्डा सुकला की झाड एका आठवड्यात माना टाकतं. शिवाय कोरड्या तांबड्या जमिनीत कच्चं शेण आणि पालापाचोळा वाळवीला बोलावणं धाडतात. खतच घालू नका. जास्त नत्र मिळालेला तरवड उंच, लुसलुशीत वाढतो, वाऱ्यानं कलंडतो आणि फुलं थोडी देतो. शेंगांचं झाड आहे तर तूर-हरभऱ्यासारखं स्वतःच नत्र धरेल, असंही कुणी सांगेल. ते खरं नाही, सेन्ना गटाच्या मुळांवर सहसा तशा गाठी येत नाहीत. त्याला थोडक्यात भागवता येतं, एवढंच.

पालापाचोळ्याऐवजी दगड वापरा. खोडापासून चार बोटं सोडून हाताच्या पंजाएवढे चपटे दगड गोल मांडले की त्यांच्याखाली ओल टिकते, वाळवी लागत नाही आणि गवत दबतं. तुमच्याकडे दगडाला तोटा नाही.

जागेवर पेरणं जमत नसेल, कोंबड्या किंवा गुरांचा वावर असेल, तर पिशवीत रोपं करा. पण पिशवी उंच हवी, किमान नऊ इंच, तळाशी भोकं असलेली. तिथलीच माती तीन भाग, नदीची भरड वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत अर्धा भाग. कोकोपीट नको. ते ओल धरून ठेवतं आणि कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात. रोप कोलमडणं म्हणतात ते हेच. बुरशी असतेच, तिला संधी रोजचं पाणी आणि सावली देतात. पिशव्या पहिल्या दिवसापासून उघड्या उन्हात ठेवा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. जास्तीत जास्त दोन महिने, रोप वीतभर झालं की लगेच जमिनीत. पिशवीतच सहा महिने राहिलेल्या रोपाचं मूळ तळाशी वेटोळं घालतं. असं रोप लावल्यावर दोन वर्षं जगतंही, पण मूळ खाली न गेल्यानं तिसऱ्या उन्हाळ्यात जातं आणि कारण कुणालाच कळत नाही. लावताना पिशवी ब्लेडनं उभी फाडा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. तळाला वेटोळं दिसलंच तर तेवढं धारदार ब्लेडनं कापून टाका.

पाण्याचा हिशोब पहिल्या वर्षापुरताच. पावसाळ्यात दहा-बारा दिवस सलग उघाड पडली तर रोपाला दोन लिटर. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा पाच लिटर, पण सावकाश, मडक्याला बारीक भोक पाडून किंवा बाटली उलटी खोचून, म्हणजे पाणी खाली जाईल. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एका चुकलेल्या दिवसाला झाड मरतं. दुसऱ्या वर्षापासून पाणी बंद. पानं दुपारी मिटल्यासारखी दिसली तरी दुसऱ्या सकाळी उघडत असतील तर घाबरायचं कारण नाही.

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. खोल काळ्या रानातही तरवड येतो, फक्त पाणी साचता कामा नये. पेरायची जागा हातभर रुंद आणि वीतभर उंच वरंब्यावर घ्या आणि उसाच्या पाटापासून, ठिबकच्या नळीपासून लांब ठेवा. बांधाचा माथा सगळ्यात चांगला. बेळगाव-खानापूरकडे मात्र पाऊस आणि जांभा दोन्ही जास्त. तिथं उताराची, दिवसभर उन्हाची जागा असेल तरच नाद करावा, नाहीतर त्या भागाचा तेरडा किंवा सोनकी लावलेली बरी.

पहिल्या वर्षी बाभळीच्या फांद्यांचा वळसा घाला. मोठ्या तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत, पण कोवळ्या रोपावर पाय पडतो आणि शेळी काय, काहीही चाखून बघते. गाजरगवत फुलायच्या आत काढा. खाली आपसूक उगवणारी निळी विष्णुक्रांता मात्र राहू द्या. तिचीही जमीन हीच, आणि पिवळ्याखाली निळं छान दिसतं.

छाटणी दुसऱ्या वर्षापासून. जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या बेतात, झुडूप जमिनीपासून दीड फुटावर धारदार कोयत्यानं तिरकं कापा. महिन्याभरात बुडातून आठ-दहा फुटवे येतात. कातडी कमवायला याची साल लागते, म्हणून हे झाड वर्षानुवर्षं असंच बुडातून कापलं गेलं आणि फुटत राहिलं. कोल्हापुरी चपलेचं २०१९ सालचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि धारवाड यांनाही आहे. त्या चपलेच्या कातड्यामागं बाभूळ आणि हिरड्याबरोबर तरवडही उभा होता. जुलैनंतर कोयता लावू नका. फुलं नव्या फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, ऑगस्टमध्ये शेंडे मारलेत तर नवरात्रात घटाला माळ करायला बाजार गाठावा लागेल.

झाड हिरवंगार पण फुलं नाहीत, अशी तक्रार आली तर आधी सावली बघा. दिवसाचं सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. मग खत, मग चुकीच्या वेळची छाटणी. खालची पानं पिवळी पडून गळताहेत आणि माती ओली आहे, तर पाणी थांबवा. माती कोरडी असेल आणि महिना एप्रिलचा असेल तर ते नेहमीचंच, झाड उन्हाळ्याची तयारी करतंय. पानं कुरतडलेली दिसतील आणि हिरव्या अळ्या सापडतील. पिवळ्या-पांढऱ्या स्थलांतरी फुलपाखरांच्या त्या अळ्या आहेत, त्यांचं तेच जेवण आहे. निम्मी पानं खाल्ली तरी झाड पंधरवड्यात भरून काढतं. फक्त वीतभर रोपावरच्या अळ्या हातानं उचलून मोठ्या झुडपावर सोडा. मुंग्या चढतात म्हणून पावडर टाकणारेही आहेत. पानाच्या दांडीवर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस झरतो, मुंग्या तेवढ्यासाठी येतात आणि जाता-येता इतर किड्यांची अंडीही उचलतात. त्यांना हात लावू नका.

फुलं भरपूर पण शेंगा नाहीत, ही तक्रार शहराजवळच्या बागांतून जास्त येते. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसते पराग, आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात. मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग उडतात. काही पुंकेसरांचे पराग तो खातो, लांब पुंकेसरांचे त्याच्या पाठी-पोटाला लागून दुसऱ्या फुलावर जातात. भुंगा नसेल तर फूल गळून जातं, शेंग धरत नाही. हा भुंगा वाळलेल्या लाकडात आणि पोकळ बांबूत घर करतो. म्हणून कोपऱ्यात जुनं ओंडकं आणि दोन-चार वाळके बांबू उभे ठेवा, फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका, आणि तरवड एकटा न लावता निदान चार-पाच झुडपं जवळजवळ लावा.

तरवडाची फुलं-पानं मधुमेहावर घेतात असं ऐकून कुणी काढा करू लागलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चालू गोळ्यांच्या जोडीला घेतलं तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.

जूनमध्ये पेरलेलं रोप पहिल्या दसऱ्याला गुडघ्याएवढंही नसेल आणि फूल बहुधा देणार नाही. दुसऱ्या भाद्रपदापासून ते फुलू लागतं. तोवर रिकाम्या दिसणाऱ्या जागांत काही लावायचंच असेल तर एक-दोन ओळी तीळ किंवा मटकी टाका, पण तरवडाच्या काठीपासून दोन फूट लांब. आणि त्या पिकाला पाणी देताना पाट तरवडाकडे वळणार नाही एवढं बघा.